वर्धा खोऱ्यातला कोळसा: हिमनदीच्या ओरखड्यांपासून राखेपर्यंत

कोळसा जाळला की राख उरते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती राख नेमकी कशाची, याचा शोध मात्र फार थोडे घेतात. मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नागपूरची माझी मैत्रीण भूशास्त्रात आहे आणि कोळशातली खनिजं हा तिचा विषय. नोव्हेंबरअखेर ती एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्धा खोऱ्यात नमुने गोळा करायला जाणार होती. "तू ये, तुझी आवर्तसारणी दगडात बघ," असं तिने कळवलं आणि मी रजा टाकली.

वर्धा खोरं म्हणजे वरोरा, भद्रावती, वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा हा सगळा पट्टा. वायव्येकडून आग्नेयेकडे, वर्धा नदीच्या दोन्ही बाजूंनी कोळसा पसरलेला. ताडोब्याला जाणारे हजारो लोक या पट्ट्यातून जातात. रस्त्यालगतच्या काळ्या-करड्या टेकड्या मातीच्या नाहीत, खाणीतून उपसलेल्या दगडांच्या आहेत, हे मलाही या फेरीपर्यंत ठाऊक नव्हतं.

गुरुवार: नागपूर ते चंद्रपूर

सकाळी नागपुरात तर्री पोहे खाल्ले. तर्रीत चणे होते आणि तिखट असं की बरोबरचा कोल्हापूरचा मुलगाही दोनदा पाणी प्यायला. मग जामच्या फाट्यावरून वरोऱ्याकडे. चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बायका ओळीने वाकलेल्या, मध्येच तुरीची हिरवी शेतं. हवा इतकी छान की गाडीच्या काचा शेवटपर्यंत खालीच होत्या. (मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. खाणी बघायच्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.)

गाडीतच मैत्रिणीने शिकवणी सुरू केली. कोळशात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक असतं ते ठीक. पण त्याखेरीज किलोमागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी अशी डझनावारी मूलद्रव्यं असतात: आर्सेनिक, पारा, सेलेनियम, क्रोमियम, शिसं, युरेनियम, थोरियम, जर्मेनियम, गॅलियम. ही लेशमात्र मूलद्रव्यं. जगभरच्या दगडी कोळशाची सरासरी काढली तर किलोमागे आर्सेनिक सुमारे ९ मिलिग्रॅम, युरेनियम सुमारे २, जर्मेनियम दोन-अडीच आणि पारा जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. एखाद्या खाणीतलं प्रमाण या सरासरीच्या किती पट आहे, त्यावरून तिथे समृद्धी आहे की तूट हे ठरवतात. दुप्पट-तिप्पट असेल तर किंचित वाढ, दहापटीच्या वर गेलं तर मोठी, शंभरपटीच्या वर तर विलक्षण.

"पण नुसता आकडा मला पुरत नाही," ती म्हणाली. "आर्सेनिक किती, याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते कुठे बसलंय. पायराइटमध्ये, मातीत, की थेट कोळशाच्या सेंद्रिय भागात? धुतल्यावर ते जाईल का, जाळल्यावर उडेल का, राखेतून पाण्यात उतरेल का, हे सगळं त्यावर."

पुढचे सगळे दिवस आम्ही याच प्रश्नामागे फिरलो.

वरोऱ्यात चहाला थांबलो. लोक हे गाव आनंदवनामुळे ओळखतात; आम्हीही तासभर तिथे जाऊन आलो. पण या पट्ट्यातल्या कोळशाचा इतिहासही इथेच सुरू होतो. १८७०च्या दशकात इथे सरकारी खाण चालू झाली, त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली आणि १९०६ साली ती खाण बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी अशी खाणकामाची वस्ती सरकत गेली. संध्याकाळी चंद्रपुरात पोचलो. जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

शुक्रवार: वणीजवळची खुली खाण

खाण बघायची तर परवानगी आधी लागते, आणि ती दोन दिवसांत मिळत नाही. संस्थेच्या लेटरहेडवर, येणाऱ्यांची नावं आणि हेतू लिहून, संबंधित क्षेत्राच्या महाव्यवस्थापक कार्यालयाकडे किमान महिनाभर आधी अर्ज करा. खासगी पर्यटक म्हणून आत जाता येत नाही. फोटोची परवानगी वेगळी असते. नाही म्हटलं तर मोबाइल खिशातच ठेवायचा. पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, चपला-सँडल घालून आलेल्यांना फाटकावरच थांबवतात. हेल्मेट आणि चमकदार जाकीट तिथे मिळतं. आत जाण्याआधी सुरक्षेचं छोटं शिक्षण होतं, ते मन लावून ऐका, कारण शंभर टनी डंपरच्या चालकाला गाडीच्या अगदी पुढ्यातला माणूस दिसत नाही.

कठड्यावरून खाली पाहिलं आणि आम्ही सगळेच थोडा वेळ बोलेनासे झालो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, मग तांबूस कामठी वालुकाश्म, त्याखाली करडा-पांढरा बराकर वालुकाश्म आणि तळाला काळा थर. वर्धा खोऱ्याचं वैशिष्ट्य असं की इथे बराकर नावाच्या या खडकसमूहात कोळशाचा मुख्यतः एकच जाड थर आहे, पंधरा-वीस मीटरच्या घरातला. काही भागांत तो फुटून वरचा, मधला, खालचा असा वेगळा होतो. वय सुमारे २८ कोटी वर्षं. तेव्हा दख्खनचा काळा कातळ नव्हता, हिमालय नव्हता, आणि भारत गोंडवाना नावाच्या प्राचीन महाखंडाच्या पोटात दक्षिण ध्रुवाकडच्या थंडीत होता.

आमच्या सोबतीला खाणीतले एक मायनिंग सरदार, म्हणजे कामावर देखरेख करणारे पर्यवेक्षक, दिले होते. वय पन्नाशीचं, शाळा दहावीपर्यंत, आणि थराची नस न नस पाठ. "मॅडम, हा वरचा पट्टा कडक हाय, राख जास्त. मधला चकाकते तो चांगला. खालचा लवकर पेटते," असं सांगत ते पुढे चालले. नंतर मैत्रिणीने तेच दाखवलं, फक्त शास्त्राच्या नावांनी. चकचकीत, ठिसूळ पट्टी म्हणजे विट्रेन, मंद आणि कडक ती ड्युरेन, दोन्हींच्या मधली क्लॅरेन, आणि बोटं काळी करणारी, लोणारी कोळशासारखी भुसभुशीत ती फ्युसेन. ही नावं १९१९ साली मेरी स्टोप्स यांनी दिली. पुढे संततिनियमनाच्या कामामुळे जग त्यांना ओळखू लागलं. १९२१ साली त्यांनी लंडनमध्ये केंद्र उघडलं आणि त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी. कोळशाच्या खाणीत उभं राहून कर्वे आठवतील असं मला वाटलं नव्हतं, पण आठवले आणि बरं वाटलं.

फ्युसेन हा मूळचा लोणारी कोळसाच: दलदलीत वणवे लागायचे, अर्धवट जळलेलं लाकूड गाळात पुरलं जायचं. त्यातल्या रिकाम्या पेशींमध्ये नंतर पाण्यातून खनिजं साचली. हातभिंगातून एका तुकड्यात त्या पेशींची जाळी स्वच्छ दिसली, आणि काही कप्प्यांत पांढरी केओलिनाइट माती.

नमुने घेण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. नुसता ढेकूळ उचलून चालत नाही. थराच्या छतापासून तळापर्यंत सरळ उभी चर खणायची, प्रत्येक पट्टीचा नमुना वेगळा, मधल्या शेलच्या, म्हणजे चिखलाच्या दगडाच्या, पट्ट्यांचे नमुने वेगळे, छताचा आणि तळाचा दगडही वेगळा. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड लगेच बंद, वर क्रमांक, उंची, दिशा. कारण मूलद्रव्यं थरात सारखी पसरलेली नसतात. जर्मेनियम सहसा थराच्या कडांना, म्हणजे छताजवळ, तळाजवळ आणि मधल्या शेलपट्टीलगत जास्त सापडतं. १९३०च्या दशकातलं हे निरीक्षण झिल्बरमिंट्स या भूरसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठतं हे गोल्डश्मिट यांनी दाखवलं तेही त्याच दशकाच्या सुरुवातीला. दलदलीखालून आणि वरून आलेल्या पाण्यात विरघळलेलं जर्मेनियम आधी कडेच्या पीटला, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींना, भेटतं आणि त्यातली ह्युमिक आम्लं ते तिथेच धरून ठेवतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण.

एका विद्यार्थिनीला भेगेत सोनेरी पापुद्रा दिसला. कोळशात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या बारीक भेगा असतात, त्यांना क्लीट म्हणतात. त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक, पत्र्यासारखं पसरलं होतं. मैत्रिणीने तिथेच बसवून सांगितलं: पायराइट दोन प्रकारे येतं. पीट साचत असतानाच जिवाणूंनी तयार केलेले अतिसूक्ष्म गोळे, आणि पुष्कळ नंतर भेगांतून फिरलेल्या पाण्याने ठेवलेला हा पापुद्रा. आर्सेनिक आणि पारा बऱ्याचदा पायराइटच्या आसऱ्याला असतात. पापुद्र्यातला भाग कोळसा दळून धुतला तर पुष्कळसा वेगळा काढता येतो. कोळशाच्या अंगात रुतलेले सूक्ष्म गोळे मात्र निघत नाहीत.

भारतीय कोळशाची खरी अडचण इथे आहे. वीज केंद्रांच्या कोळशात राख सहसा तीस ते पंचेचाळीस टक्के, आणि त्यातली बरीचशी आत मुरलेली. तांदळातला खडा वेचता येतो, पिठात मिसळलेलं मीठ वेचता येत नाही. गंधक मात्र कमी, बहुतेक ठिकाणी एका टक्क्याच्या आत, कारण या दलदली गोड्या पाण्याच्या होत्या. मेघालयातला कोळसा याच्या उलट: त्याच्यावर समुद्राचा प्रभाव, म्हणून गंधक भरपूर, आणि जैंतिया टेकड्यांमध्ये खाणींच्या पाण्याने नद्या आम्लधर्मी झाल्या. आम्ही इथे खाणीच्या तळातल्या साठ्यात पीएच कागद बुडवला. रंग उदासीनच्या जवळपास राहिला. सगळ्यांनी तो कागद फिरवून फिरवून बघितला.

छताच्या शेलमध्ये पानांचे ठसे मिळाले. लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्हीकडे जाळी. ग्लोसोप्टेरिस. याच झाडांचा हा कोळसा. सरदारांनी खिशातून रुमालात बांधलेला एक ठसा काढला. नातीला दाखवायला कधीपासून जपून ठेवलेला. आमच्या मुलांना त्यांनी तो हातात दिला, आणि मुलांनी तो जपून परत केला.

दुपारी सायरन झाला. सुरुंगाची वेळ, सगळे बाहेर. सरदारांच्या डब्यात भाकर, झुणका आणि आंबाडीची भाजी होती. त्यांनी ती सगळ्यांपुढे सरकवली आणि नाही म्हणू दिलं नाही.

संध्याकाळी परतताना एका जुन्या ढिगाऱ्यातून धूर निघताना दिसला. इथला कोळसा हवा लागली की आपसूक तापतो. ओलावा जास्त, परिपक्वता कमी, त्यात पायराइट. धुराच्या भेगांच्या तोंडाशी पिवळा थर जमला होता. वायूतून थेट स्फटिक झालेलं गंधक. दुर्बिणीतून त्याच्या सुयासुद्धा दिसल्या. अशा भेगांशी आर्सेनिक आणि सेलेनियमची संयुगंही साचू शकतात. म्हणून दुरूनच बघायचं. जवळ गेलं तर वायूचा धोका आहेच, पण वरची माती आतून जळून पोकळ झालेली असते आणि पाय सरळ निखाऱ्यात जातो.

शनिवार: पैनगंगेच्या काठी

हा दिवस माझ्या सर्वांत आवडीचा. चंद्रपूरच्या पश्चिम-नैऋत्येला, वर्धा-पैनगंगा संगमाच्या परिसरात इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूरला पाणी देणारं इरई धरण वेगळं, विचारताना गाव म्हणा आणि पैनगंगेचं नाव घ्या.) १८७०च्या दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना इथे नदीपात्रात चुनखडीच्या घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे दिसले आणि त्यावर विसावलेले ओरखडलेले धोंडे. भारतात कधीकाळी हिमनद्या होत्या याचा हा सुरुवातीचा भक्कम पुरावा. पुढे खंड सरकण्याच्या वादात गोंडवानाच्या बर्फाचे असे पुरावे जगभर मांडले गेले.

पाणी उतरलं होतं. शेतात कापूस वेचणाऱ्या एका काकूंनी वाट दाखवायला मुलगा पाठवला. काठावर हिरवट करड्या मातीत तऱ्हेतऱ्हेचे गोटे रुतलेले: ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, चुनखडी, काही मुठीएवढे, काही बैलगाडीच्या चाकाएवढे. नदीने गोटे आणले तर ते आकाराने निवडलेले असतात. इथे बारीक माती आणि मोठा धोंडा शेजारी शेजारी. बर्फ वितळलं आणि पोटात होतं ते जागच्या जागी टाकून दिलं. हा तालचीर थर, कोळशाच्याही खालचा. एका धोंड्याची एक बाजू सपाट घासलेली आणि तिच्यावर रेघा. मी बोट फिरवून पाहिलं. रेघ नखाला लागते.

कोळशातल्या मूलद्रव्यांशी बर्फाचा संबंध काय? मुलांनी विचारलं, आणि मैत्रीण यासाठीच आम्हाला इथे घेऊन आली होती. बर्फाने आजूबाजूचा जुना खडक दळून भुकटी केला. बर्फ हटल्यावर नद्यांनी ती भुकटी दलदलीत ओतली. युरोपातला कार्बोनिफेरस काळातला (आपल्याहून जुना) कोळसा उष्ण पट्ट्यातल्या जंगलांचा. आपला थंड हवेतला, आणि सतत गाळ आणणाऱ्या नद्यांशेजारचा. म्हणून आपल्या कोळशात केओलिनाइट-इलाइटसारखी माती आणि क्वार्ट्झ इतकं. क्रोमियमचा बराचसा भाग मातीबरोबर येतो. थोरियम आणि झिर्कोनियम हे मोनाझाइट, झिर्कॉनसारख्या टणक कणांबरोबर. ते कोळशात जन्मले नाहीत, ते डोंगरातून वाहून आले. जर्मेनियम, बोरॉन आणि युरेनियमचा काही भाग मात्र विरघळून आला आणि सेंद्रिय द्रव्याने पकडला. आदल्या दिवशी चरीतून काढलेल्या पिशव्यांकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

दुपारी वढ्याला गेलो. वर्धा आणि पैनगंगेचा संगम, विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ. लोक याला विदर्भाची पंढरी म्हणतात आणि कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. यात्रा संपली होती. पाटावर बसलेल्या एका घरातल्या आजींनी सांबारवडी खाऊ घातली, कोथिंबीर ठासून भरलेली, वर कढी. पैसे विचारले तर रागावल्या.

देवळाच्या ओट्यावर एक निवृत्त खाणकामगार भेटले. भूमिगत खाणीत लोडर होते, टोपलीने कोळसा भरायचे. आमच्या पिशव्या बघून त्यांनी विचारलं, "हा कोयसा कायले नेऊन राहिले बाई?" सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्या वावराजवळ राख टाकली हाय, खड्डा भरासाठी. विहीर तिथून दोनशे पावलं. त्या राखेत काही विष-बिष हाय का जी? आमी पाणी प्यावं का नाही?" मैत्रिणीने लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. राख किती वर्षांपूर्वीची, विहीर उताराच्या कोणत्या बाजूला, पाणी किती खोल, हे सगळं विचारून लिहून घेतलं आणि त्यांचा फोन नंबर मागितला. "सांगू आम्ही," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

रविवार: चंद्रपूर, ऊर्जानगर

सकाळी जटपुरा गेटपासून तटाच्या कडेने फिरलो. गोंड राजांचा हा तट बघायला अर्धा दिवस राखून ठेवावा असा आहे. अंचलेश्वर आणि महाकाली दोन्ही देवळं त्यातच होतात. ऊन चढायच्या आत निघा आणि पाण्याची बाटली सोबत घ्या.

मग ऊर्जानगर. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट. चिमण्या शहराच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतात. आम्ही आत गेलो नाही. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून वहीत हिशेब मांडला. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम भारतीय कोळसा धरला तर दिवसाला पावणेआठ हजार टनांच्या आसपास. पाऱ्याची जागतिक सरासरी, टनामागे ०.१ ग्रॅम, धरली तर एका संचातून दिवसाला पाऊण किलोहून थोडा जास्त पारा जातो. लेशमात्र या शब्दाने मनाला जो दिलासा मिळतो, तो या गुणाकारानंतर राहत नाही.

आणि इथे "कुठे बसलंय" याचा पुढचा भाग सुरू होतो. भट्टीत पारा जवळजवळ सगळा वायू होतो. त्यातला काही उडत्या राखेला चिकटतो, बाकी चिमणीतून जातो. आर्सेनिक आणि सेलेनियम आधी उडतात, मग धूर थंड होताना अगदी बारीक राखकणांवर बसतात. म्हणून धूळ पकडणाऱ्या विद्युत यंत्रणेच्या शेवटच्या कप्प्यातली सर्वांत बारीक राख त्यांनी जास्त भरलेली असते. थोरियमसारखी न उडणारी मूलद्रव्यं खालच्या आणि वरच्या राखेत वाटली जातात. कोळशात चाळीस टक्के राख असेल तर राखेतलं त्यांचं प्रमाण कोळशाच्या अडीचपट होतं. पाऱ्यासाठी आणि गंधकाच्या वायूंसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये मर्यादा ठरवल्या. चंद्रपूरला त्याची निकड किती आहे हे सांगायला एक गोष्ट पुरे: २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथं होतं.

दुपारी राखेच्या विटा करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. मालक तरुण, अभियंता, आमचं स्वागत नागपुरी संत्र्यांनी केलं. राख, चुना, जिप्सम, वाळू. भट्टी नाही, नुसतं दाबून आणि पाणी मारून पक्क्या केलेल्या करड्या विटा. आसपासच्या सिमेंट कारखान्यांतही राख मोठ्या प्रमाणात जाते. राख सिमेंटमध्ये बांधली गेली की तिच्यातली मूलद्रव्यं सहज सुटत नाहीत. हे मला फार पटलं. उघड्यावर, विहिरीशेजारी, खड्ड्यात ओतलेली राख आणि विटेतली राख या रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

त्यांनी एका बादलीत पाणी घेऊन मूठभर राख टाकली. बहुतेक बुडाली, पण वर पांढरट साय तरंगत राहिली. ते सेनोस्फिअर: काचेचे पोकळ गोळे, भट्टीत वितळलेल्या मातीत वायू अडकून झालेले. हलक्या काँक्रीटमध्ये आणि रंगात वापरतात, म्हणून राखेच्या तळ्यांवरून गोळा करून विकतात. हातभिंगाखाली एकेक मणी वाटोळा, पारदर्शक. काल इरईला पाहिलेल्या हिमनदीच्या भुकटीचाच हा शेवटचा अवतार, हे लक्षात आलं तेव्हा मुलांपैकी एकाने बादलीतली साय बाटलीत भरून घेतली.

सोमवार: नागपूरची प्रयोगशाळा

पहाटे निघून दहाच्या आत नागपूर. विषयाची आवड असलेल्यांना नागपूरसारखं शहर नाही: वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे, भारतीय खाण ब्यूरोचं इथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही इथेच.

पॉलिश केलेला कोळशाचा ठोकळा परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. करड्या पार्श्वभूमीवर पायराइटचे गोळे झळाळत होते, एकेक गोळा शेकडो बारीक स्फटिकांचा. शेजारी भेगेतला पापुद्रा. शुक्रवारी खाणीत ऐकलेले दोन्ही प्रकार एकाच दृष्टिक्षेपात. फ्युसेनच्या पेशी काही रिकाम्या, काही मातीने भरलेल्या, काहींत सिडेराइट हे लोहाचं कार्बोनेट.

पुढचं काम महिन्यांचं आहे. एक भाग ८१५ अंशांवर जाळून राख मोजायची, दुसरा कमी तापमानाला ऑक्सिजन प्लाझ्मात सावकाश जाळायचा म्हणजे खनिजं न बदलता उरतात आणि क्ष-किरणांनी ओळखता येतात. मूलद्रव्यांसाठी आम्लात विरघळवून आयसीपी-एमएस, म्हणजे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र. पाऱ्याचा नमुना या सगळ्यापासून वेगळा, कारण तो भट्टीत घातला की उडालाच. मग त्याच कोळशावर क्रमाक्रमाने सौम्य ते तीव्र द्रावणं वापरून कोणतं मूलद्रव्य कधी सुटतं ते बघायचं. कुणी पाण्यातच सुटतं, कुणी आम्लात, कुणी पायराइट फुटल्यावर, कुणी कोळसा जाळल्याशिवाय नाहीच.

जर्मेनियमचा विषय इथे पुन्हा निघाला. चीनमध्ये लिंचांग आणि वुलानतुगा इथल्या कोळशात किलोमागे शेकडो मिलिग्रॅम जर्मेनियम आहे आणि राखेतून ते काढतात. ऑगस्ट २०२३पासून चीनने जर्मेनियम आणि गॅलियमच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तेव्हापासून आपल्याकडेही राखेत आणि खाणीच्या उपशात मौल्यवान धातू शोधण्याची चर्चा वाढली आहे. मैत्रिणीचं मत स्पष्ट: "गोंडवाना कोळशाकडून लिंचांगची अपेक्षा करू नका, तिथे गरम पाण्याने जर्मेनियम ग्रॅनाइटमधून आणून ओतलं होतं. पण तपासल्याशिवाय फेकूही नका. आणि धातूसाठी तपासणार असाल तर त्याच नमुन्यात आर्सेनिकही मोजा, पैसे तेवढेच लागतात." मला तिचं हे शेवटचं वाक्य सरकारी कागदांवर छापलेलं बघायला आवडेल.

संध्याकाळच्या गाडीआधी आम्ही वढ्याच्या काकांना फोन लावला. राखेतून बोरॉन, सेलेनियम, आर्सेनिक, मॉलिब्डेनम पाण्यात उतरू शकतं; सुरुवातीच्या पावसाळ्यांत जास्त, पुढे बहुधा कमी; विहीर उताराच्या खालच्या अंगाला आहे म्हणून तपासणी हवीच, असं मैत्रिणीने सावकाश सांगितलं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नसावं हेही. पाणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे द्यायचं, आत्ता एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. नेहमीच्या तपासणीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट बघतात, त्यामुळे अर्जात आर्सेनिक, सेलेनियम आणि बोरॉन नावानिशी मागायचं. अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसऱ्या विहिरीचं. काकांनी तिन्ही नावं नातवाकडून लिहून घेतली, एकेक अक्षर विचारून. मग म्हणाले, "सरपंचाले घेऊन जातो बुधवारी. गावातल्या बाकी तीन विहिरींचं पण देऊ का?"

"द्या," ती म्हणाली. "बाटल्या मी पाठवते, धुतलेल्या."